चार बोटांचा जोड

नवरा लढाईवरून धडधाकट परत आला तर बाईनं देवाला नारळ फोडावा. मीही फोडला, एक गावच्या मारुतीला आणि एक माहेरच्या देवाला. त्यानंतर चार महिनेही झाले नसतील, त्याच नवऱ्याचा मला इतका राग यायला लागला की भाकरी थापताना परातीचा आवाज शेजारच्या आळीत ऐकू जायचा. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. त्यानं फक्त माझ्या हातातलं काम काढून घेतलं होतं, आणि तेही माझ्यावर उपकार म्हणून.

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मीही म्हणत आले. जिभेला सवय झाली की अर्थाकडं कोण बघतं!

आमचं घर लोहाराचं. गाव कृष्णाकाठी, साताऱ्याच्या मुलखात. सांगली बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. मी मात्र जतकडची, कोरड्या रानातली. माझे वडील धनगरांना मेंढरं कातरायच्या कातऱ्या करून द्यायचे आणि आई त्यांच्यासमोर घण मारायची. लोहाराच्या घरी सून बघायला येतात तेव्हा नाकडोळे नंतर बघतात, आधी दंड बघतात. कारण हे काम एकट्याचं नाही. ऐरणीच्या एका बाजूला कारागीर बसतो, दुसऱ्या बाजूला घण घेऊन कुणीतरी उभं लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक घरांत बायकोच असते. माझी सासू घण मारत मारत म्हातारी झाली आणि माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेली. तिचा घण माझ्याकडं आला.

घण मारायला नुसती ताकद लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी धरलेला नसतो. कारागीर डाव्या हातानं सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीनं त्यावर एक टिचकी देतो. टिचकी जिथं पडली तिथंच घण पडला पाहिजे. टिचकी हलकी असेल तर हलका, जोरात असेल तर जोरात. हातोडी लोखंडावरून सरकून ऐरणीवर वाजली की थांबायचं. यात बोलायचं काही नसतं. बोलत बसलात तर लोखंड निवतं. मालकांचा स्वभाव आधीच अबोल. लग्नाच्या पहिल्या दोन वर्षांत ते माझ्याशी जे काही मोकळेपणानं बोलले ते हातोडीनंच.

मग लढाई सुरू झाली आणि मालक फौजेत भरती झाले. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यात नवल नव्हतं. घरी मी आणि सासरे राहिलो. सासऱ्यांना दम्याची उबळ यायची, त्यामुळं ते बसून भाता ओढायचे, हातोडी धरायचे, आणि बाकीचं सगळं माझ्याकडं. लढाईत नवं लोखंड मिळेना. गाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावर बसवायची लोखंडी पट्टी, झिजून तुटली की लोक तीच परत जोडून मागायचे. धावेची दोन टोकं भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची, वर वाळू टाकायची, आणि ठिणग्या उडायला लागल्या की बाहेर काढून एकावर एक ठेवून मारायचं. पाच-सहा घाव. तेवढ्यात दोन टोकांचं एक झालं तर झालं, नाहीतर परत भट्टीत. माझे घाव वाया जात नसत. सासरे गिऱ्हाइकाला सांगायचे, "माझी सून हाय म्हून धाव टिकती." चार वर्षांत ते ही गोष्ट मला तोंडावर कधी बोलले नाहीत, पण मी भिंतीआडून ऐकलेली होती.

लढाई संपली आणि मालक आले. लोखंडी ट्रंक, खाकी कोट आणि काळ्या काचांचा चष्मा घेऊन. फौजेनं त्यांना गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात घातलं होतं, आणि तिथं ते गॅसनं लोखंड जोडायला शिकले होते. आल्यावर महिनाभरात त्यांनी सांगलीहून सगळं सामान जमवलं. एक पत्र्याचा ड्रम, त्यात पाणी; वरून कार्बाइडचे खडे पाण्यात पडले की गॅस सुटायचा आणि आळीभर लसूण कुजल्यासारखा वास सुटायचा. दुसरा एक उंच लोखंडी सिलिंडर, ऑक्सिजनचा, सांगलीला रेल्वेनं यायचा आणि तिथून बैलगाडीत निजवून आणायचा. गावातल्या फौजी माणसांनी त्याला तोफगोळा नाव ठेवलं. दोन्हीकडून रबरी नळ्या यायच्या आणि एका पितळी नळीत मिळायच्या. त्या नळीच्या तोंडाशी करंगळीएवढी निळी ज्योत. त्या ज्योतीत लोखंड लोण्यासारखं पाझरायचं.

पहिल्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं. मालकांनी तुटलेल्या कुदळीचे दोन तुकडे समोरासमोर ठेवले, चष्मा लावला, एका हातात नळी, दुसऱ्या हातात लोखंडाची तार. तार वितळून फटीत उतरत गेली. तंबाखू मळून होईस्तोवर कुदळ एक झाली होती. भाता नाही, ऐरण नाही, घण नाही. लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. सासऱ्यांनी ती कुदळ उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "जोड म्हंजे दोन लोखंडं एकमेकांत जायला पायजेत. ह्यात मधी तिसरंच वतलंय." पण त्यांनी ती हातातून लवकर खाली ठेवली नाही, हेही मी बघितलं.

लोक पांगल्यावर मालक माझ्याजवळ आले. फौजेतून आल्यावर ते जरा जास्त बोलायला लागले होते. म्हणाले, "आता तुला घण उचलाय नगं. लय राबलीस. आता घरात बस."

एखाद्यानं लुगडं आणून द्यावं तशा तोंडानं ते बोलले. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस गं बाई." तिच्या पाठीत मीच एक घण घालावा असं वाटलं मला.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही माझा जीव खालीवर होतो. सकाळी झाडलोट, पाणी, भाकरी. ऊन वर येईस्तोवर सगळं संपायचं. मग काय करायचं? मी नदीवर दोनदा जायची, तिसऱ्यांदा जायला कारण शोधायची. धुतलेली भांडी परत घासायची. मिरच्या कांडायला बसले की उखळ फुटेल इतकी कांडायची. बाहेर पडवीत नळीची सूं सूं सुरू झाली की मला आत बसवेना, आणि बाहेर जाऊन उभं राहिलं तर ज्योतीकडं बघता येईना. चष्मा एकच आणि तो त्यांच्या डोळ्यांवर. भिंतीकडं तोंड करून बसलेला माणूस, डोळे काळ्या काचांआड, दोन्ही हात गुंतलेले. त्या कामात दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. माझे दंड ठणकायचे. काम करून दंड दुखतात हे सगळ्यांना माहीत असतं, काम न करता ते जास्त दुखतात हे मला तेव्हा कळलं.

सासऱ्यांना मी एकदा विचारलं, "मामंजी, तुमी तरी सांगा की त्येंना. दिसभर हात बांधून कशी बसू?"

ते म्हणाले, "पोरी, त्यो शिकून आलाय. त्येला लाज वाटती."

लाज कसली, ते त्यांनी सांगितलं नाही.

एकदा मालक सिलिंडर आणायला सांगलीला गेले. जाऊन यायला दोन दिवस लागणार होते. जुन्या सिलिंडरात थोडा ऑक्सिजन उरला होता. परत पाठवायच्या आधी तो संपवू म्हणून त्यांनी तो घरी ठेवला होता. सासरे दुपारी पारावर गेले आणि मी दाराला कडी घातली. चोरासारखं वाटलं, आणि आपल्याच घरात चोर व्हावं लागतं याचा संतापही आला. चष्मा ते घेऊन गेले नव्हते. चष्मा लावला, ड्रमात खडे टाकले, काडी ओढली. आधी पिवळी ज्योत आली, तिच्यातून काजळीचे काळे धागे निघून घरभर तरंगायला लागले. मग मी दुसरी चावी फिरवली, जरा जास्तच. फट्ट! बंदुकीसारखा आवाज आणि ज्योत गायब. मी नळी टाकून देणार होते. टाकली नाही. चाव्या बंद केल्या, श्वास घेतला, परत पेटवली.

पहिल्या पट्टीला मी भोक पाडलं. दुसरीलाही. तिसऱ्यांदा मला एक कळलं: ज्योत एका जागी धरायची नाही, सरकवत राहायची, आणि चष्म्यातून जो वितळलेला ठिपका दिसतो त्याला पुढं पुढं हाकत न्यायचं, मेंढरू हाकल्यासारखं. ठिपका जाईल तिथं जोड होत जातो. असा चार बोटं जोड माझ्या हातून झाला. वेडावाकडा, गाठीगाठींचा. पण झाला. मी तो आपटून बघितला, दगडावर ठोकून बघितला, तो तुटला नाही. त्या दिवशी मला कितीतरी महिन्यांनी भूक लागली.

ती पट्टी मी मोडीच्या ढिगात घातली. मालक परत आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना ती सापडली. त्यांना आपल्या हातचा जोड ओळखता येणार नाही असं मला कसं वाटलं, कुणास ठाऊक. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "डोळं जातील. स्फोट हुईल. मरशील."

"तुमी मेलात का?"

"मला शिकवलंय."

"मग मलाबी शिकवा."

त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग जे बोलले ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. "फौजेत एकदा मी बोललो की माझी बायकू घण मारती. तवा सगळी पोरं हसली. म्हनली, बायकू घण मारती तर तू काय भाकरी थापतूस व्हय रं? दोन वर्सं मला त्याच नावानं हाका मारल्या." एवढं बोलून ते उठले आणि कार्बाइडचा डबा ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं. त्यांना बिचाऱ्यांना किती लागलं असेल हे मला समजत होतं. पण हसली पोरं आणि कुलूप मला? हे काही माझ्या डोक्यात बसेना.

पौष उजाडला आणि नदीकाठची गुऱ्हाळं सुरू झाली. आमच्या गावच्या मोठ्या गुऱ्हाळाची काहील तडकली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई, दहा माणसं कडेनं बसून जेवतील एवढी. तिच्या बुडाला वीतभर चीर पडली होती आणि रस खाली चुलवाणात गळत होता. ऊस तोडून पडला होता. तोडलेला ऊस थांबत नाही. उन्हात पडून राहिला की त्याचा रस बिघडतो आणि गूळ धड होत नाही. सासऱ्यांच्या पद्धतीनं ठिगळ लावायचं तर भोकं पाडून रिबिटा, म्हणजे जाड खिळे, मारायच्या, मध्ये चुना भरायचा, दोन दिवस सहज गेले असते. गुऱ्हाळवाला मालकांकडं आला. मालक गेले आणि अर्ध्या दिवसात चीर कापून काढून, तिथं चौकोनी पत्रा बसवून, सगळीकडून जोडून आले. गावात त्या दिवशी त्यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मी त्यांच्यासाठी पुरणपोळी केली. राग होता तरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं आधण चढलं. रस उकळायला लागला, गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं मळी काढायला झारा घातला, आणि जोडाला लागून काहील तडकली. जोड धड होता. त्याच्या शेजारचं जुनं लोखंड फाटलं होतं. रस चुलीत, धूर, जळक्या गुळाचा वास आमच्या घरापर्यंत. गुऱ्हाळवाला स्वतः दारात आला. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मिस्त्री, ऊस वाळतोय." मालकांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. ते सामान गाडीत घालून परत गेले.

दुपारी मी भाकरी घेऊन गेले. तेवढंच काम मला उरलं होतं. काहील चुलवाणावरून उतरवून दगडांवर टेकवलेली. मालक पाय धुऊन काहिलीच्या आत बसलेले, बाहेर आठ-दहा बाप्ये गोल करून उभे. मालकांनी नवा पत्रा बसवला होता आणि पहिला वीतभर जोड करून नळी बाजूला धरली होती. जोड लालचा काळा होत गेला. आणि सगळ्यांच्या समोर टण् असा बारीक आवाज आला, जोडाशेजारी केसासारखी रेघ उमटली. मालकांनी चष्मा वर केला. त्यांना काय करावं सुचत नव्हतं. नंतर त्यांनी मला सांगितलं की फौजेत त्यांनी ट्रकचे पत्रे जोडले होते, मोकळ्या कडांचे. असं चारी बाजूंनी जखडलेलं ठिगळ त्यांना कधी जोडावं लागलंच नव्हतं.

मला मात्र ते दिसत होतं. अगदी लख्ख दिसत होतं, आणि ज्यांनी जन्मभर धावा चढवल्या त्यांच्या पोराला ते दिसू नये याचंच मला नवल वाटत होतं. धाव आपण तापवून चाकावर घालतो, वर पाणी ओततो. ती निवते, आखडते आणि चाक करकचून आवळते. हा जोडही तसाच निवताना आखडत होता आणि शेजारचं लोखंड ओढून फाडत होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं, ऊन हाय तवर ठोका की! धाव आवळती तसं आवळतंय त्ये. ठोकलं म्हंजे पसरंल."

सगळे बाप्ये माझ्याकडं वळले. मालकांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. पण एका हातात नळी आणि एका हातात तार असताना ठोकणार कोण? त्यांनी मला नाही बोलावलं. त्यांनी बैल हाकणाऱ्या गड्याला बोलावलं. गडी चांगला रेड्यासारखा होता. त्याला हातोडा दिला, पत्र्याखाली लहान ऐरण लावली. मालकांनी रेघ वितळवून परत जोड धरला आणि "मार" म्हणाले. तो मारायला लागला तो जणू साप मारतोय. एक घाव जोडावर, दोन बाजूला, पत्र्याला पोचे आले. "हळू रं!" मालक ओरडले. मग तो इतका हळू मारायला लागला की लोखंड निवून गेलं. परत टण्.

मी भाकरीची दुरडी खाली ठेवली, पदर खोचला आणि पाय धुवायला घागर घेतली. गुळव्या म्हणाला, "बाई, कायलीत बायामाणसानं पाय ठेवायचा न्हाई."

"तुमच्या बाप्यांच्या पायाला गूळ लागतो का?" मी म्हणाले आणि आत उतरले.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग बाहेरच्या माणसांकडं बघितलं. मला ती फौजेतली हसणारी पोरं आठवली. त्यांनाही तीच आठवली असणार. मी गड्याच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि त्याला ऐरण धरायला खाली पाठवलं. म्हटलं, "पेटवा. गॅस वाया चाललाय."

त्यांनी ज्योत लावली. मला चष्मा नव्हता. मी ज्योतीकडं सरळ बघत नव्हते, तिच्या मागं बोटभर बघत होते, जिथं पांढरं जाऊन लाल राहतं तिथं. हातोडीची टिचकी द्यायला त्यांचा हात मोकळा नव्हता, पण मला टिचकी लागलीच नाही. ज्योत सरकली की मागं मारायचं, ज्योत थबकली की थांबायचं. हलके, जवळजवळ घाव. वीतभर झालं. आम्ही थांबलो. लाल गेलं, काळं झालं. सगळे कान लावून उभे. आवाज आला नाही.

दुसरी बाजू झाली, तिसरी झाली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हातावर ठिणग्यांचे डाग पडत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की कुणी विचारलं असतं तर लाजेनं सांगता आलं नसतं. मालकही खुलले होते. कुणीतरी बाहेरून म्हणालं, "जमलं गड्या मिस्त्रीला!" मिस्त्रीला. मी तीन बाजू ठोकल्या होत्या, आणि जमलं मिस्त्रीला. उद्या परत मी परातीपाशी आणि हे भिंतीकडं तोंड करून, हे मला त्या एका शब्दात सगळं दिसलं.

चौथ्या, आखूड बाजूची चार बोटं राहिली होती. मी हातोडा खाली ठेवला.

"आता काय?" मालक म्हणाले.

"ही चार बोटं मी जोडते. तुमी ठोका."

"येडी हायस का? हितं?"

"न्हाईतर तुमीच जोडा आन तुमीच ठोका. मी भाकरी थापाय जाते."

नळी सूं सूं करत होती. बाहेर कुणाला काही कळत नव्हतं, आम्ही हळू बोलत होतो. मालकांनी ओठ आवळले. त्यांना राग आला होता, आणि त्या रागात थोडं हसूही होतं, मी काही आंधळी नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला.

मग आवाज झाला बाहेर. कुणी "अरं अरं" म्हणालं, कुणी हसलं. मी ऐकलं नाही. चष्म्यातून तो ठिपका दिसला आणि मी त्याला हाकायला लागले. मालक मागून मारत होते, आणि काय सांगू, चुकत होते. जन्मभर टिचकी देणारा माणूस. दुसऱ्याच्या मागं मारायची सवय कुठली? "आवं, नीट मारा की! ज्योतीमागं मारा!" मी ओरडले. ते नीट मारायला लागले.

जोड निवला. तडकला नाही. आम्ही बाहेर उतरलो आणि गुऱ्हाळवाल्यानं काहिलीत पाणी ओतायला सांगितलं. घागरीवर घागरी ओतल्या, आणि ऐरण धरणारा गडी खाली आडवा होऊन बघायला लागला. जोडावरून बोट फिरवत गेला. मग म्हणाला, "हितं येक थेंब हाय. परत आला. गळतंय."

कुठं, ते मला न बघताच कळलं. माझ्या चार बोटांत. ठिपका एका ठिकाणी मी जरा घाईनं पुढं हाकला होता. तेव्हाच मला शंका आली होती आणि मी ती गिळली होती.

मालकांनी वाकून बघितलं आणि सरळ होत गुऱ्हाळवाल्याला म्हणाले, "माझी चूक. तितं मी जरा घाई केली. आता करून देतो."

ते मला वाचवायला बोलले, हे मला ठाऊक आहे. इतक्या बाप्यांत बायकोचं हसं होऊ नये म्हणून. त्यांच्या जागी दुसरा असता तर त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं असतं. पण माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. घण घेतला, काम घेतलं, नाव घेतलं. आता माझ्या हातून झालेली चूकसुद्धा हे आपल्या नावावर करत होते. ती तरी माझी मला ठेवायची!

"त्येंनी न्हाई," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ती चार बोटं मी जोडल्यात. गळतंय त्ये माझं गळतंय."

कुणी हसलं नाही. मालक खाली बघत होते. पाण्याचा थेंब दगडावर पडल्याचा आवाज आला.

गुऱ्हाळवाला महिनाभर गुऱ्हाळाची अवजारं दुरुस्तीला घेऊन आमच्या घरी येत-जात होता, पण तोवर तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. पाणी हवं असलं तरी मालकांना सांगायचा. तो काहिलीच्या काठाशी आला, ओणवा होऊन त्या जागेकडं बघितलं आणि मग मालकांना ओलांडून थेट माझ्याकडं बघून म्हणाला, "मग बाई, पाणी काढून घेतो. किती येळ लागंल तुमाला?"

"तंबाकू मळून हुईस्तवर," मी म्हणाले.